गाळलेली पायरी

जुडिथबाई नागावकरांचं काम शिक्षकांना शिकवायचं. धड्यात व्हिडिओ कसा बसवायचा, तो मध्येच थांबवून मुलांना प्रश्न कसा विचारायचा, चित्रांच्या मागे आपला आवाज कसा घालायचा, असलं सगळं. कॅनडातल्या रेजिना शहराच्या आसपासच्या शाळांचं जे मंडळ आहे, त्याच्या ऑफिसात त्यांची नोकरी. टोरांटोहून त्यांची धाकटी नणंद लिआ रविवारी फोन करायची आणि दर खेपेला नव्यानं विचारायची, "वहिनी, तू नक्की करतेस तरी काय गं तिकडे?"

"मास्तरांची मास्तरीण आहे."

"आणि त्या मास्तरांना एवढंसुद्धा येत नाही?"

"काहींना येतं, काहींना नाही. मला तरी कुठे येत होतं?"

"आमच्या शाळेतल्या बाई एका खडूत अख्खा हिंदुस्थान काढायच्या फळ्यावर."

"आणि तू मागच्या बाकावर झोपायचीस. तूच सांगितलंयस."

लिआ हसायची, मग तिच्या घरात कुणीतरी हाक मारायचं आणि फोन संपायचा. लिआभोवती माणसं होती. कोकणातून आणि मुंबईतून आलेली आपली बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू मंडळी टोरांटोत मूठभर, पण मलिद्याला, बारशाला एकत्र जमणारी. जुडिथबाई आणि त्यांचा नवरा सेसिल त्यातून उठून रेजिनाला आले ते सेसिलला सरकारी नोकरी मिळाली म्हणून. नोकरी चांगली होती, माणूसही चांगला होता. आणि एका हिवाळ्यात, दारातला बर्फ फावड्यानं काढून आत आला, खुर्चीत बसला, तो उठलाच नाही.

मुलगा इलान विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात. नात एला फोनवर "हाय आजी, आय ॲम गुड" म्हणायची आणि फोन बापाकडे द्यायची. त्यात तिचा काही दोष नव्हता. आजीला इंग्रजीत लाडानं बोलता यायचं नाही आणि तिला आजीचं मराठी कळायचं नाही.

रेजिनात सिनेगॉग होतं, लहानसं. तिथली माणसं सभ्य. "शब्बाथ शलोम, जुडिथ" म्हणायची, केक द्यायची, आणि मग आपापल्या आजोबांच्या युरोपातल्या गावांबद्दल बोलायला लागायची. मराठी मंडळही होतं. तिथे पहिल्याच कार्यक्रमात एकीनं विचारलं, "नागावकर म्हणजे अलिबागचे ना? मग जुडिथ कसं? ख्रिश्चन का तुम्ही?" जुडिथबाईंनी समजावून सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच बाईंनी त्यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. जुडिथबाईंनी त्यांना उलट थँक्यू लिहिलं. काय करणार.

म्हणून काम हेच त्यांचं गणगोत होतं. अलिबागला त्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. कॅनडात ती पदवी चालली नाही, तेव्हा त्या वर्गात मदतनीस झाल्या. साथीच्या काळात शाळा बंद पडून सगळं शिकवणं कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा घाबरलेल्या शिक्षकांचे फोन घ्यायला शाळांच्या मंडळाला माणसं हवी होती. जुडिथबाई स्वतः हळू शिकणाऱ्या, त्यामुळे हळू शिकवायच्या, आणि घाबरलेल्या माणसाला ते बरं वाटतं. त्यातून ही नोकरी लागली. गाडी घेऊन त्या गावोगावच्या शाळांत जायच्या. सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये शिक्षक लॅपटॉप उघडून बसायचे. कुणी मफिन आणायचं, कुणी कॉफी करायचं. मिसेस फ्रीसन नावाच्या एक थोराड बाई होत्या, त्या म्हणायच्या, "जुडिथ, माझ्या कॉम्प्युटरला मी आवडत नाही." काम आटोपलं तरी माणसं तासभर बसायची. कुणाची सून, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. सेसिल गेल्यावर जुडिथबाई जगल्या त्या या दुपारच्या चहाकॉफीवर, असं म्हटलं तरी चालेल.

त्यांची साहेबीण ओक्साना. भली बाई, पण घाईची. एक दिवस तिनं सांगितलं, "जुडिथ, आता इतकं ड्राइव्ह करायला नको तुला. हिवाळ्यात तर नकोच. तू प्रत्येक गोष्टीचा छोटा व्हिडिओ कर. शिक्षक कधीही बघतील, कुठेही बघतील. इट्स बेटर फॉर एव्हरीवन."

एव्हरीवनमध्ये आपण आलो की नाही, हे जुडिथबाईंनी विचारलं नाही.

त्या घरून काम करायला लागल्या. बेसमेंटमध्ये एक टेबल, मागे पांढरा पडदा, समोर कॅमेरा. रोज नीट साडी नेसून, केसांवरून हात फिरवून त्या कॅमेऱ्याला म्हणायच्या, "हॅलो टीचर्स." कॅमेरा काही बोलायचा नाही. व्हिडिओ चांगले झाले. इतके चांगले, की ते बघून शिक्षकांचं काम व्हायचं आणि फोन करायची कुणाला गरजच पडायची नाही. आठवडेच्या आठवडे रविवारचा लिआचा आवाज सोडला तर घरात तळघरातल्या हीटिंगच्या फर्नेसचाच काय तो आवाज.

पहिली चूक खरोखरच चूक होती. धड्यात व्हिडिओ बसवल्यावर शेवटी एक खूण करावी लागते, की हा व्हिडिओ वर्गातल्या मुलांनीही बघावा. ती केली नाही, तर शिक्षिकेला स्वतःच्या कॉम्प्युटरवर सगळं दिसतं, पण मुलांच्या पडद्यावर नुसती करडी चौकट येते. ही पायरी सांगायची जुडिथबाईंकडून त्या दिवशी राहून गेली. दुसऱ्याच सकाळी फोन वाजला. मग परत वाजला. दुपारी मिसेस फ्रीसनचा आला. "जुडिथ, मला वाटलं तू रिटायर झालीस. माझा कॉम्प्युटर माझ्यावर परत रागावलाय बघ." ती खूण आपल्या बाजूनं करायची सोय जुडिथबाईंकडे होती. "थांबा, मीच करून देते," त्या म्हणाल्या. काम मिनिटभराचं. बोलणं मात्र लांबलं. मिसेस फ्रीसनना मधल्या काळात नातू झाला होता.

त्या संध्याकाळी जुडिथबाईंना जेवण गोड लागलं.

तो व्हिडिओ त्यांनी दुरुस्त करायला घेतला. घेतला आणि ठेवून दिला. उद्या करू म्हणाल्या. पुढचा केला, त्यात दुसरी एक बारीकशी पायरी बोलायची टाळली. कुणाचं काही बिघडत नाही, त्यांनी मनाला सांगितलं. फोन येतो, आपण लगेच करून देतो. आणि "करून देते" यातच खरी मेख होती. कसं केलं ते त्या सांगत नसत. त्यामुळे पुढच्या धड्याला माणूस परत फोन करायचं, आणि वर म्हणायचं, "यू आर सो काइंड, जुडिथ."

सगळ्यांत जास्त फोन यायचे अक्षताचे. अक्षता सांगलीची. मूसजॉच्या पलीकडे एका लहान गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायला नवीनच लागली होती. नोकरी तात्पुरती, मुख्याध्यापिका वर्ग बघणार आणि मग पुढचं ठरणार. गावात मराठी सोडा, हिंदी बोलणारंही कुणी नाही. पहिल्या फोनला तिनं घाबरत घाबरत इंग्रजीत सुरुवात केली, तर जुडिथबाई म्हणाल्या, "मराठीत बोल गं. मीही तिकडचीच."

"अय्या, तुमचं नाव वाचून मला वाटलं गोऱ्या मॅडम असतील."

"गोऱ्या मॅडम साडी नेसून व्हिडिओ करतात होय?"

"मी व्हिडिओत फक्त बाण बघत होते हो, कुठे क्लिक करायचं ते."

मग काकू म्हणायला लागली. फोन आठवड्यातून दोनदा तरी यायचा. आधी कामाचं, मग भाकरीच्या पिठाचं, गाडीला विंटर टायर कधी लावायचे त्याचं, घरमालकीण जिन्यात हीटर लावत नाही त्याचं. जुडिथबाई मंगळवारी सकाळपासून फोन हाताशी ठेवायच्या. पण प्रत्येक फोनच्या सुरुवातीला अक्षता एक वाक्य बोलायची. "काकू, परत तेच. माझं डोकंच चालत नाही बघा या कॉम्प्युटरपुढे."

आणि जुडिथबाई म्हणायच्या, "होतं गं असं. थांब, मीच करून देते."

सप्टेंबरात नव्याचा सण आला. आपल्या ज्यू वर्षाची सुरुवात. जुडिथबाईंनी रजा घेतली, आदल्या दिवशी उभं राहून गव्हाच्या चिकाचा हलवा आटवला, वड्या पाडल्या, सिनेगॉगमध्ये नेण्यासाठी अर्ध्या बाजूला काढल्या. सूर्य मावळायच्या आत मेणबत्त्या लावल्या आणि फोन बंद करून कपाटात ठेवला. सणाच्या दोन्ही दिवशी त्या फोनला हात लावत नसत. आईनं लावलेला नेम नव्हता तो. आईच्या वेळी फोनच नव्हता. तो नेम त्यांचा स्वतःचा.

दुसरा दिवस मावळल्यावर त्यांनी फोन सुरू केला. अक्षताचे फोन येऊन गेले होते, एकामागून एक. शेवटी एक आवाजी निरोप. मागे मुलांचा गलका आणि अक्षता कुजबुजत होती, "काकू, प्लीज उचला. प्रिन्सिपल मागे बसल्यात. मुलांना काही दिसत नाहीये."

जुडिथबाईंनी फोन लावला.

"अगं, माझा सण होता. फोन बंद होता."

"हो, मला नंतर आठवलं. तुम्ही सांगितलं होतं." अक्षताचा आवाज अगदी सपाट होता. "सगळा वर्ग करड्या चौकटीकडे बघत बसला. एक मुलगा म्हणाला, मिस, तुम्हाला हे येत नाही का? मला फळ्यावर शिकवायचंही सुचेना. मॅडमनी लिहिलंय, तयारी कमी पडली. बरोबर आहे त्यांचं. आदल्या दिवशी मी तुमचा व्हिडिओ चार वेळा बघितला, काकू. तरी जमलं नाही. मी ढ आहे, दुसरं काय. बाबा सांगत होते, हे तुझ्यानं व्हायचं नाही, परत ये. येते आता."

इथे त्या नेहमीसारखं "होतं गं असं" म्हणणार होत्या. "मी बघते काहीतरी," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हलव्याच्या वड्या ताटात होत्या तशाच राहिल्या.

नव्याच्या सणानंतर येतो तो दारफळणीचा सण, उपासाचा. जुडिथबाई लहान असताना नागावला त्या संध्याकाळी सगळी दारं लावून घेत. पांढरे कपडे घालून घरची माणसं आत बसायची, शेजारपाजारचं कुणी हाक मारायचं नाही; गावाला ठाऊक होतं. आणि दारं लागायच्या आधी त्यांचे वडील चप्पल पायात सरकवून बाहेर पडायचे. ज्याच्याशी वर्षभरात बोलाचाली झाली असेल, ज्याचं काही चुकवलं असेल, त्याच्या घरी जाऊन माफी मागून यायचे. एकदा जुडिथनं विचारलं, "देवाची मागतोच ना आपण, मग त्या माणसाची कशाला?" वडील म्हणाले होते, "त्या माणसाचं देणं देव आपल्या पदरचं कसं देईल?"

माफी मागायला जुडिथबाईंना कधी जड गेलं नव्हतं. जड होतं ते पुढचं. खरं सांगितलं की अक्षताचा फोन बंद. व्हिडिओ दुरुस्त केले की सगळ्यांचेच फोन बंद. परत ते बेसमेंट आणि तो कॅमेरा. त्या रोज ठरवत आणि रोज पुढे ढकलत राहिल्या. गप्प राहिलं तर अक्षता परत जाईल, आयुष्यभर स्वतःला ढ समजेल, आणि निघताना आपल्या पाया पडून जाईल. ते पाया पडणं डोळ्यांपुढे आलं तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली घेतली.

शाळा सुटली होती. अक्षता वर्गात एकटीच खुर्च्या बाकांवर उलट्या ठेवत होती. दारातल्या जुडिथबाईंना तिनं आधी ओळखलंच नाही. त्यांची भेट कधी झालीच नव्हती.

"काकू? एवढ्या लांब कशाला आलात? कॉफी आणू?"

"नको. तू बस. मला सांगून टाकू दे."

त्यांनी सांगितलं. काही आडपडदा ठेवला नाही. सुरुवातीला चुकून राहिलं, मग मुद्दाम ठेवलं. कशासाठी, तेही. अक्षता एका बाकाच्या कडेवर टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी ढ नव्हते."

"नव्हतीस."

"मी रडत होते तेव्हा तुम्ही मला समजावत होता, काकू."

"हो."

"तुम्हाला माहीत असून."

जुडिथबाईंनी मान हलवली.

"तुम्हाला बोलायला माणूस हवं होतं, तर नुसता फोन करायचा ना," अक्षता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यानं जास्तच लागलं. "मी काय नाही म्हणाले असते? मीही इथे भिंतींशीच बोलते. माझा धडा कशाला बिघडवलात?"

माफ कर, असं त्यांनी म्हटलं. अक्षतानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "मॅडम अजून ऑफिसात आहेत. हे त्यांना सांगाल?" एवढंच ती म्हणाली.

जुडिथबाई लांबलचक कॉरिडॉरमधून मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेल्या आणि तिथेही सांगितलं, या वेळी इंग्रजीत. इंग्रजीत ते आणखीच उघडंवाघडं वाटलं. मुख्याध्यापिकेनं चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं आणि अक्षताचा वर्ग पुन्हा बघेन म्हणाली. दुसऱ्या दिवशी ओक्साना. ती नेहमीची घाई विसरून ऐकत राहिली. "जुडिथ, हे मला फाइलला लावावं लागेल," ती म्हणाली. "तू मला एकदा तरी सांगायचंस." मग थोड्या वेळानं, "सगळे व्हिडिओ नीट कर."

त्यांनी केले. एकेक व्हिडिओ पुन्हा रेकॉर्ड केला, एकेक पायरी बोलून दाखवली. मुलांनाही दिसावं म्हणून ही खूण करा. ती अशी करायची. विसरलात तर करडी चौकट येईल, तेव्हा घाबरू नका, इथे परत या. शेवटचा पूर्ण झाला तो दारफळणीच्या दुपारी. त्यांनी पांढरी साडी नेसली. सिनेगॉगमध्ये जाऊन आल्या, आणि दुसरा अख्खा दिवस उपाशीपोटी प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसल्या. आदल्या संध्याकाळी दारं लावायची वेळ आली तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं, की लावायला काही उघडंच नव्हतं.

त्यानंतरचा दिवस शिळा सण. नागावला त्या दिवशी दारं उघडून माणसं एकमेकांकडे जायची, दानधर्म करायची. जुडिथबाईंनी सकाळी चहा केला आणि टेबलापाशी बसल्या. फोन गप्प होता. मिसेस फ्रीसनचाही नाही. त्यांचा कॉम्प्युटर आता त्यांच्यावर खूश असावा. दुपारी अक्षताचा लेखी निरोप आला. "आज परत वर्ग बघितला. सगळ्या मुलांना दिसलं. मॅडम बरं म्हणाल्या." खाली काकू नव्हतं, काही नव्हतं.

देवाचे आभार मानून त्यांनी तो परत वाचला. बरं झालं. आता तिला आपली गरज नाही, आणि तसंच असायला हवं, त्यांनी स्वतःला सांगितलं. उठून कपबशी विसळली. परत येऊन बसल्या. नुसता फोन करायचा ना, असं अक्षता वर्गात म्हणाली होती ते त्यांच्या मनातून जाईना. ती तेव्हा रागातच बोलली होती. ते बोलावणं धरायचं नसतं, हे त्यांना कळत होतं.

शाळा सुटायची वेळ होऊ दिली आणि त्यांनी फोन लावला. तो बराच वाजला. ठेवून द्यावा असं वाटेपर्यंत वाजला.

"बोला," अक्षता म्हणाली. "काही बिघडलंय का?"

"नाही. काही बिघडलं नाही."

"मग?"

"काही काम नाहीये. नुसताच केला."

पलीकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दुसरी. अक्षता बहुतेक वर्ग आवरत होती. जुडिथबाईंना काय बोलावं ते सुचेना. इतके दिवस तोंड उघडायला काहीतरी बिघडलेलं असायचं; त्याशिवाय कशी सुरुवात करतात, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. अक्षताही काही विचारेना. पण तिनं फोन ठेवला नाही. खुर्च्यांचे आवाज येत राहिले, आणि जुडिथबाई कानाशी फोन धरून विषय शोधत राहिल्या.

"तुझ्याकडे बर्फ पडला का गं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ऑक्टोबर सुरू झालाय नुसता," अक्षता म्हणाली. "अजून नाही."